एक चकती मागे

१८ ऑगस्ट, सोमवार

प्राणेशने आज मला चाक दिलं. माऊसचं चाक. ते फिरवलं की पडद्यावर काय व्हायला हवं, एवढं पाहायचं. इतकी वर्षं प्रोग्रामिंग केल्यावर माणसाच्या वाट्याला हे येतं. एके काळी मी आख्खी सॉफ्टवेअरं उभी केली, आता चाकाचा कारकून झालो.

वाणी म्हणते की मी हल्ली घरात बोलत नाही आणि बोललो की भांडतो, तेव्हा वहीत भांडावं. बायकोचा सल्ला म्हणून ही वही.

कंपनी छोटी आहे, चेन्नईत शोळिंगनल्लूरला एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर. इस्पितळांसाठी सीटी आणि एमआरआयची चित्रं दाखवणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. डोक्याचा स्कॅन म्हणजे एक चित्र नसतं, काकडीच्या कराव्यात तशा शेकडो चकत्या असतात. डॉक्टर चाक फिरवत त्यांच्यातून पुढे-मागे जातात. एक खाच फिरली की एक चकती. जुन्या माऊसमध्ये हे सोपं होतं. नव्या महागड्या माऊसच्या चाकाला खाचाच नाहीत, ते गुळगुळीत फिरतं आणि बारीक बारीक आकडे पाठवत राहतं. ते आकडे साठवायचे, एका खाचेइतके झाले की चकती बदलायची. हा साठवणीचा भाग वेंकटने लिहिला आहे. पोरगा हुशार आहे, नम्र आहे आणि त्याचा पगार माझ्या निम्मा आहे. यातली शेवटची गोष्ट प्राणेशला फार आवडते.

शहरातल्या एका मोठ्या इस्पितळाने दिवाळीच्या आत नवी आवृत्ती पसंत केली तर माझं कंत्राट वाढेल. नाहीतर "बघू" असं प्राणेश म्हणाला. तो इथलाच, तंजावरी मराठी. दिवसभर तमिळ आणि इंग्रजीत बोलतो, पण हे "बघू" त्याने मराठीत म्हटलं. वाईट बातमी आपल्या भाषेत सांगण्याइतका तो सभ्य आहे. एकोणपन्नासाव्या वर्षी या आयटी कंपन्यांच्या रस्त्यावर मला कोणी दुसरी नोकरी देणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. वाणीच्या शाळेच्या पगारावर घर रेटता येईल, मान वर करून जगता येणार नाही. ही नोकरी गेली तर मी गेलो.

२१ ऑगस्ट, गुरुवार

बग सापडला, आणि चांगला जाडजूड सापडला.

चाक फिरवत असताना सगळं सुरळीत चालतं. थांबलो आणि बोट चाकावर नुसतं टेकवून ठेवलं की चित्र दोन चकत्यांमध्ये हेलकावे खाऊ लागतं. पुढे, मागे, पुढे, मागे. मेंदूतली एखादी सावली दिसते आणि नाहीशी होते. डॉक्टर यावरून निदान कसलं करणार?

वेंकटला बोलावलं. तो माझ्या खुर्चीमागे उभा राहून बराच वेळ बघत होता. मग हळूच म्हणाला की त्याच्या मशीनवर असं होत नाही. हे वाक्य उच्चारणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामरला एकेक रुपया दंड लावला असता तर एव्हाना चेन्नईची मेट्रो सोन्याची झाली असती. मी त्याला म्हटलं, तुझं मशीन इस्पितळाला पाठवायचं नाहीये.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती. खाली सासूबाईंकडे जेवलो. त्याही तंजावरी मराठीच. घर त्यांचंच आहे, आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. सासरे गेल्यापासून त्या एकट्या आहेत, म्हणून सणाला आम्हीच खाली जातो.

मोदकांना इथे कोळुकट्टै म्हणतात. चार खाल्ले. तुपाचा वास नाही, वेलचीचा नाही. मी म्हटलं, हल्ली तुपातही भेसळ होते. वाणीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली की वासाने तर घर भरलंय. बाईमाणसाला स्वतःच्या माहेरच्या तुपाचा अभिमान असायचाच.

नंतर कॉफी. या घरात टंब्लरला ओठ लावत नाहीत. टंब्लर वर धरायचा आणि धार तोंडात सोडायची. लग्नानंतर वर्षभर मी शर्ट भिजवले, मग जमलं. आमचे माप्ळे, म्हणजे जावई, कऱ्हाडचे असूनही धार चुकत नाहीत, असं सासूबाई पाहुण्यांना कौतुकाने सांगायच्या. आज चुकली. नव्या शर्टावर गळ्यापासून खिशापर्यंत कॉफी. टंब्लर परत डवऱ्यात, खालच्या वाटीत, ठेवताना तो थोडा किणकिणला. लक्ष कोडमध्ये असलं की असं होतं.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. जावयाच्या तोंडावर अप्रिय बोलायचं नाही, असा त्यांच्या घराण्याचा नियम आहे. काही सांगायचं असलं तर त्या वाणीला सांगतात, वाणी मला सांगते. आज त्या फक्त बघत होत्या.

५ सप्टेंबर, शुक्रवार

माऊस बदलला, तारही बदलली. शेवटी वैतागून कॉम्प्युटरच बदलला. हेलकावे तसेच. आता मला विजेचा संशय आहे. इमारतीचा जनरेटर माझ्या टेबलामागच्या भिंतीपलीकडेच आहे. प्राणेशला म्हटलं, मला दुसरीकडे बसव. तो म्हणाला, बसा की, पण एवढे रागावताय कशाला? मी अजिबात रागावलेलो नव्हतो. आठवडाभर जो तो मला हेच विचारतोय. चेहरा आहे, असायचा तसा आहे.

सासूबाईंना काय झालंय कळत नाही. कॉफी अर्धा टंब्लरच देतात. आधी वाटलं दूध संपलं असेल. आज चौथा दिवस. वाणीला पूर्ण आणि मला अर्धा. मी वाणीला टोमणा मारला की तुझ्या आईने जावयाचं रेशन निम्म्यावर आणलं, नोकरी जायच्या आधीच. ती हसली नाही. पुन्हा मागा, असं म्हणाली. मागून प्यायला मी काय भिकारी आहे?

११ सप्टेंबर, गुरुवार

आज वेंकटला रंगेहाथ पकडला, असं मला वाटलं.

चाकाकडून येणारे आकडे नोंदवून त्यांची रेघ पडद्यावर काढणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. माझं बोट चाकावर टेकलेलं, आणि रेघेत लाटा. बारीक, सारख्या, एकामागून एक. मग त्याच खुर्चीत, त्याच माऊसवर वेंकटला बसवलं. बोट टेकव म्हटलं. रेघ सपाट.

पुन्हा मी. लाटा. पुन्हा तो. सपाट.

याचा अर्थ उघड आहे. आपल्या कोडमधला दोष लपवायला हा बोट दाबून धरतो. नैसर्गिकपणे ठेवत नाही. मी त्याला तसं सांगितलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. "सार," असं म्हणून तो थांबला. माझ्या हाताकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. बोल की, म्हटलं. "काही नाही सार. मी पुन्हा बघतो."

नाचता येईना अंगण वाकडं, अशी गत. चूक कबूल करायला धैर्य लागतं आणि या पिढीकडे ते नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

मीटिंगमध्ये मी स्पष्ट सांगितलं की वेंकटचा साठवणीचा भाग कच्चा आहे आणि तो झाकाझाक करतोय. प्राणेशने वेंकटला विचारलं. तो सगळ्यांसमोर म्हणाला, सार म्हणतात तर तसंच असेल. अशा माणसाशी भांडता तरी कसं येणार?

उपाय मी सुचवला. दिशा उलटली आणि उलटी हालचाल एका खाचेपेक्षा मोठी नसली तर ती गिळून टाकायची. म्हणजे एक गाळणी. हेलकावे बंद. वेंकट तेवढ्यापुरता बोलला. डॉक्टर कधीकधी मुद्दाम एकच चकती मागे जातात, ती उलटी हालचालही एका खाचेचीच असते, ती गिळली गेली तर? मी म्हटलं, मग ते दुसरी खाच फिरवतील, हात मोडतात का? सगळे हसले.

संध्याकाळी कळलं, त्याला सिरुसेरीच्या एका कंत्राटावर चाचणीच्या कामाला पाठवताहेत. प्रोग्रामर होता, आता दुसऱ्यांची बटणं दाबून बघणार. मला वाईट वाटलं. पण दोघांपैकी एकच राहणार होता आणि माझं वय उलटं फिरत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

उद्यापासून नवरात्र. सासूबाईंच्या गोलूच्या, बाहुल्यांच्या मांडणीच्या, पायऱ्या मांडून झाल्या, बाहुल्या पेटीतून बाहेर आल्या. दर वर्षी बाहुल्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या मी लिहितो, देवनागरीत, कारण आमच्या घरात अक्षर फक्त माझं. त्यांच्या ओळखीच्या बायका त्यासाठी मुद्दाम येतात. त्यांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. मग माझ्या अक्षरावरून बोट फिरवत बसतात.

यंदा पहिल्या दोन चिठ्ठ्या लिहिल्या. "दशरथ" ठीक आला. "राम, लक्ष्मण, भरत, शत्रुघ्न" लिहिताना शत्रुघ्न मुंगीएवढा झाला. चिठ्ठी लहान असेल. मोठी कापली, पुन्हा लिहिलं, पुन्हा शेवटाला मुंगी. पेन वाईट. आजकाल पेनंही कशी काढतात कोण जाणे.

चहा पिऊन परत गेलो तर उरलेल्या चिठ्ठ्या वाणी लिहीत बसली होती, तिच्या त्या चौथीतल्या मुलीसारख्या अक्षरात. सासूबाई म्हणाल्या की तुम्हांस ऑफिसचं काम फार, कशाला त्रास. त्रास! वर्षातून एकदा या घरात माझी गरज पडते, तीही काढून घेतली.

(या वहीचंही तसंच आहे. स्वस्तातली वही, पण संपता संपत नाही. पूर्वी एका पानात एक दिवस मावायचा नाही, आता तीन मावतात.)

३ ऑक्टोबर, शुक्रवार

गाळणी बसवली. माझ्या मशीनवर चित्र दगडासारखं स्थिर. बोट टेकवा, उचला, काहीही करा. प्राणेशने स्वतः येऊन पाहिलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. आवृत्ती आजच इस्पितळात गेली.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. संध्याकाळी समुद्राकडच्या बाजूला थोडं चाललो तर उजवी चप्पल घसटत होती. नवी चप्पल घ्यायला हवी.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी झाली. इस्पितळाची पसंती आली, कंत्राट वर्षभर वाढलं. हे वाक्य लिहायला मी दोन महिने थांबलो होतो. लिहून झालं.

वाणीने मला कुर्ता आणला, डोक्यातून घालायचा, एकही बटण नसलेला. आणि चपलांऐवजी पाय सरकवायचे बूट. मी म्हटलं, म्हाताऱ्याला घेतात तसे घेतलेस. ती आत निघून गेली. स्कूटरही आता तीच चालवते. तिला त्या बाजूला काम असतं म्हणे, रोज. रोज कसलं काम असतं? मी मागे बसून ऑफिसला जातो आणि उतरताना खाली बघतो, कारण सुरक्षारक्षक हसतो.

घरात मला सगळे सांभाळून घेताहेत आणि मला त्याचा संताप येतो. नोकरी टिकली तरी मी यांच्या लेखी संपलो की काय? कधीकधी वाटतं, सरळ कऱ्हाडला निघून जावं. पण तिथे आता कोण आहे माझं?

४ नोव्हेंबर, मंगळवार

इस्पितळाकडून तक्रार. त्यांच्या डॉक्टरांना एक चकती मागे जाता येत नाही. चाक मागे फिरवलं की काहीच होत नाही, वैतागून जोरात फिरवलं की भलतीच मागे. एका डॉक्टरने लिहिलंय की बारीक गाठ नेमकी एका चकतीवर दिसते, ती ओलांडून पुढे गेलं आणि मागे येता आलं नाही तर ती सुटते. कोणाची सुटली का, ते लिहिलेलं नाही. मी पत्र पुन्हा पुन्हा वाचलं, ते वाक्य सापडलं नाही.

वेंकट म्हणाला होता तेच.

प्राणेशने फक्त विचारलं की मुळात ही गाळणी कशासाठी होती. हेलकाव्यांसाठी, मी म्हटलं. हेलकावे किती डॉक्टरांना होत होते? ते मी कधी तपासलंच नव्हतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

तपासलं. इस्पितळातल्या सगळ्या मशीनवरच्या चाकाच्या जुन्या नोंदी मागवल्या, गाळणी बसवण्याच्या आधीच्या. सपाट. सगळ्या सपाट. तरुण डॉक्टर, म्हातारे डॉक्टर, स्वस्त माऊस, महाग माऊस. एकाही रेघेत लाट नाही. लाटा फक्त माझ्या नोंदीत.

म्हणजे आमच्या इमारतीचीच वीज. मी आधीपासून म्हणत होतो. जनरेटरपासून लांब बसलो तरी तारा त्याच भिंतीतून जातात. लाटा इतक्या सारख्या आहेत, एका सेकंदात पाचेक, की यंत्राशिवाय दुसरं काही असूच शकत नाही. उद्या लॅपटॉप घरी नेऊन सिद्ध करतो. घरची वीज वेगळी. रेघ सपाट आली की प्राणेशच्या टेबलावर ठेवेन.

८ नोव्हेंबर, शनिवार

हे लिहायला वेळ लागतोय. सकाळी घडलं तसं लिहितो.

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. वाणीला समजावून सांगत होतो की आता बघ, इथे जनरेटर नाही. बोट चाकावर टेकवलं.

लाटा.

वायर काढली, बॅटरीवर चालवला. लाटा. पंखा बंद करायला सांगितला. वाणीने बंद केला. लाटा. मी म्हटलं की शेजाऱ्यांचा मोटरपंप असेल. तेवढ्यात सासूबाई कॉफी घेऊन वर आल्या. त्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या पडद्याकडे बघतच नाहीत. मग वाणीकडे पाहिलं. तीही पडद्याकडे बघत नव्हती.

सासूबाईंनी टंब्लर ठेवला आणि आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा, वाणीला मध्ये न घालता, सरळ माझ्याशी बोलल्या.

"माप्ळे, मी बोलूं नये. पण आतां बोलतें. आमच्या जनकोजी भावजींचा हात असाच होता. पहिलें टंब्लर, मग अक्षर. नडुक्कम्, थरथर. घरांत सगळ्यांस दिसत होतं, मोठ्या माणसास कोण सांगेल म्हणून कोणी सांगितलं नाहीं. डॉक्टरकडे नेलं तेव्हां फार उशीर झाला होता."

मी हात चाकावरून उचलून टेबलावर ठेवला. पडद्यावरची लाट थांबली. हातात चालूच होती. अंगठा आणि पहिलं बोट, काहीतरी चिमटीत धरून घोळवावं तसं. मी त्याला थांब म्हटलं. थांबला नाही. माझा हात आहे, आणि त्याने माझं ऐकलं नाही.

काखेत कळसा अन् गावाला वळसा. माऊस बदलला, कॉम्प्युटर बदलला, भिंतीतल्या विजेला शिव्या दिल्या, एका चांगल्या पोराची नोकरी बदलली. एवढं सगळं बदललं आणि हाताकडे काही पाहिलं नाही.

मी वाणीला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? गणपतीपासून, ती म्हणाली. तुपापासून. आणि मला सांगितलं का नाहीस? "सांगितलं असतं तर तुम्ही मला वेड्यात काढलं असतंत. आणि दिवाळीपर्यंत तुमचं कंत्राट होतं." एवढं बोलून ती रडायला लागली. मला रडता आलं नाही. चेहरा हललाच नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

काही नाही. दिवसभर हाताकडे बघत बसलो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

इस्पितळ. तेच, आमच्या सॉफ्टवेअरचं. वाणीने दुसरीकडे नंबर लावायचा प्रयत्न केला होता, पण लवकरची वेळ इथेच मिळाली.

डॉक्टर सीतालक्ष्मी वयस्कर आहेत, तुटक बोलतात. त्यांनी मला चिमूट उघडायला-मिटायला लावली, चालायला लावलं, एक वाक्य लिहायला लावलं. वाक्य शेवटाला मुंगी झालं. वास येतो का, विचारलं. वाणीने माझ्या आधी नाही म्हटलं. स्कॅन आधीच काढलेला होता, दुसरं काही नाही ना ते बघायला. त्यांनी तो पडद्यावर उघडला.

राखाडी पट्टी, डाव्या कोपऱ्यातला चकतीचा आकडा. तो कोपरा मीच ठरवला होता. आता त्यात माझं डोकं होतं.

त्या चाक फिरवत गेल्या. चकत्या सरकत होत्या, कान, डोळे, मग आतलं सगळं. मधेच थांबल्या, काहीतरी पुन्हा बघायचं होतं. चाक एक खाच मागे फिरवलं. चित्र जागचं हललं नाही. त्यांनी माऊस उचलून आपटला. महिनाभरापासून हे असंच चाललंय, त्या तमिळमध्ये वाणीला म्हणाल्या, कोणी मूर्खाने काहीतरी करून ठेवलंय, एक मागे जातच नाही.

वाणी माझ्याकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती.

"दोनदा फिरवा, डॉक्टर," मी म्हटलं. "पहिली खाच ते गिळतं."

त्यांनी दोनदा फिरवलं. चकती आली. तुम्हाला कसं माहीत, त्यांनी विचारलं. मी सांगितलं की तो मूर्ख मीच आहे. का केलंत असं, त्यांनी विचारलं. मी उजवा हात टेबलावर ठेवला. त्यांनी तो पाहिला.

स्कॅन स्वच्छ आहे. एवढ्या चकत्यांत काहीच नाही. हा आजार त्यात दिसत नसतो, त्या म्हणाल्या. तो हातात दिसतो, चालण्यात दिसतो, बघणाऱ्याला दिसतो. पार्किन्सन. आधी वास जातो, मग अक्षर लहान होतं, चेहरा हलेनासा होतो. औषधाने काही वर्षं बरी जातील. किती, ते सांगता येत नाही. बरा होत नाही. मी विचारलं, टाइप करता येईल का? आता येईल, त्या म्हणाल्या. "आता" या शब्दावर त्या जरा थांबल्या.

२४ नोव्हेंबर, सोमवार

प्राणेशला सांगितलं. तो म्हणाला, "बघू." मराठीत.

जेवणाच्या सुट्टीत वेंकटला फोन केला. माफी कशी मागायची ते मला येत नाही, कधी सवयच केली नाही. म्हटलं, चूक तुझ्या कोडमध्ये नव्हती. तो म्हणाला, "माहीत आहे सार. त्या दिवशी तुमचा हात पाहिला होता." मग का नाही बोललास? "तुम्ही मोठे आहात सार. असं तोंडावर कसं सांगायचं?" माझ्या अब्रूसाठी त्याने स्वतःची अब्रू घालवली आणि मी त्याला बिनधैर्याचा म्हटलं. त्याला परत आणायला मी प्राणेशला सांगेन म्हटलं. तो हो म्हणाला नाही. सिरुसेरीला बरं चाललंय म्हणाला. बरं चाललेलं नाही, ते आवाजात कळत होतं.

सगळ्यांनी मान राखला. सासूबाईंनी अर्धा टंब्लर भरून राखला, वाणीने बटणं काढून राखला, वेंकटने नोकरी देऊन राखला. कोणी एकाने अपमान केला असता तर मला तीन महिने मिळाले असते. त्या तीन महिन्यांत मी काय केलं असतं? हात तर तोच राहिला असता. पण तेवढी डॉक्टरांची चकती अडली नसती, आणि तो पोरगा इथे असता.

दुपारी गाळणी काढली. वेंकटचा साठवणीचा भाग होता तसा परत ठेवला, एक अक्षर न बदलता. एक खाच मागे फिरवली, एक चकती मागे गेली. बरोबर. मग थांबलो आणि बोट चाकावर टेकवून ठेवलं. माझ्या पडद्यावर चित्र पुन्हा पुढे-मागे, पुढे-मागे व्हायला लागलं. तेही बरोबर. मी ते बघत बसलो, आणि पुढच्या आवृत्तीची चाचणी कोणी दुसऱ्याने करावी असं टिपणात लिहून ठेवलं.

संध्याकाळी वाणीने स्कूटरवरून घरी आणलं. उतरताना तिने हात पुढे केला, मी धरला. सासूबाई खालीच दारात होत्या. कॉफी टाकू का, त्यांनी विचारलं, आता सरळ मलाच विचारतात. टाका म्हटलं. आत जाता जाता त्यांनी मागे वळून विचारलं, टंब्लर पूर्ण भरूं ना?

नको, मी म्हटलं. अर्धाच द्या.